बालरथ सुटल्यावर

दुपारी दीडला शाळा सुटते आणि पंधरा मिनिटांत बालरथ, म्हणजे शाळेची बस, फाटकाबाहेर पडतो. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या ज्या हायस्कूलमध्ये माझी मुलगी आठवीत शिकते, तिथल्या मैदानावर त्यानंतर दोन तास चिटपाखरू नसतं. साडेतीनला खेळाचे सर येतात, पिशवीतून मूठ मूठ चुना सोडत पाट्या आखतात आणि वाट बघत उभे राहतात. मुलगे येतात. कुणी थोरल्या भावाच्या स्कूटरमागे बसून, कुणी सायकलने, कुणी रस्त्यावर हात दाखवून. सात-आठ किलोमीटरवरच्या वाड्यावरून तेरा वर्षांच्या मुलीने हात दाखवत यावं, असं कुठलीही आई म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

यंदा जूनमध्ये खो-खोसाठी सतरा मुलींनी नावं दिली होती. उत्साहाला कारणही होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि आमच्या घरातल्या टीव्हीसमोर शेजारच्या तीन मुली ओरडत होत्या. चतुर्थीची सुटी संपली तेव्हा सतरातल्या नऊ उरल्या. खो-खोत एका वेळी मैदानात उतरतात नऊजणी. म्हणजे एकीचा पाय मुरगळला की संघ संपला. गळालेल्या आठजणींच्या आयांशी मी एकेक करून बोलले. मुलीला खेळ आवडत नाही, असं एकीनेही सांगितलं नाही. पाच घरांत अडचण एकच होती: बालरथ निघून गेल्यावर परत आणायचं कोणी आणि संध्याकाळी न्यायचं कोणी? दोघींची शिकवणी चारला असते. उरलेल्या एकीची आई जरा आवाज खाली आणून कोंकणीत म्हणाली, "चली आतां व्हड जाल्या." मुलगी आता मोठी झाली.

हेच वाक्य मी पस्तीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. आमच्याच सोप्यावर, माझ्याच बाबतीत.

तेव्हा मी नववीत होते. आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाला बाई होत्या. सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मी दोन दिवस मैदानावर दिसले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या. बाबा सोप्यावर बसले होते, आईने चहा आणला. अर्धा तास बाईंनी खेळाचं नाव काढलं नाही. यंदा भात कसं उभं आहे, फुटलेला बांध घातला का, आजीच्या डोळ्यांचं काय झालं. कप खाली ठेवताना म्हणाल्या, "उद्यापासून हिला सहा वाजता मी स्वतः आणून सोडते. परीक्षेत खाली आली तर संघातून तिचं नाव मीच काढीन." बाबांनी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. बाईंनी त्यालाच होकार धरलं. त्या वर्षी रोज सात मुलींना चार वाड्यांवर पोचवून बाई आपल्या घरी जायच्या तेव्हा घराघरांतून दिवे लागलेले असायचे. त्यांची स्वतःची दोन लहान मुलं घरी वाट बघत असायची, हे आम्हाला कळायला बरीच वर्षं लागली.

खेळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात खालच्या खणात दोऱ्या आणि चेंडू, वरच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात पॅड, सेफ्टी पिना, कागदात गुंडाळलेली हळद आणि एक जादा काळी चड्डी. "लागेल तिने न विचारता घ्यायचं," एवढंच बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. महिन्यातल्या चार दिवसांसाठी खोटी पोटदुखी सांगून घरी बसणाऱ्या मुली त्या डब्यामुळे मैदानावर येऊ लागल्या. चार दिवस घरी बसणारी मुलगी पुढे आठ दिवस बसते आणि मग येतच नाही, हे बाईंना ठाऊक होतं. आजही कितीतरी शाळांत मुली घाण प्रसाधनगृहात कपडे बदलतात नाहीतर घामट गणवेशावरच खेळतात, आणि आपण विचारत राहतो की मुलींना खेळाची आवड का नाही.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. खो-खोत पाठलाग करणारीने बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावून मोठ्याने "खो" म्हणायचं असतं. आवाज ऐकू आला नाही तर पंच फाउल देतो. आम्ही सगळ्या "हळू बोल, मुलीची जात आहे" ऐकत वाढलेल्या. पहिल्या आठवड्यात आमचा खो ओठांतच राहायचा. बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. "मला इथे ऐकू आला पाहिजे," म्हणायच्या. ऐकू आला नाही की चाल पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला लाज वाटायची, रस्त्याने जाणारे लोक बघायचे. दोन आठवड्यांनी आमचा खो देवळापर्यंत ऐकू जाऊ लागला.

तो संघ काही फार पुढे गेला नाही. तालुका जिंकला, पुढच्या फेरीत हरलो. आमच्यातल्या कुणाचंही नाव राज्याच्या संघात लागलं नाही. पण त्या बारा मुलींपैकी एक आज पंचायतीत पंच आहे आणि ग्रामसभेत ती उठली की तिला माईक लागत नाही. एक बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, परिचारिका आहे. एकीने नवऱ्याचा हात एकदाच अंगावर पडू दिला, दुसऱ्यांदा ती मुलांना घेऊन निघाली. ती मला म्हणाली होती, "पळायला शिकले होते ना ग." आणि आम्हा बाराजणींपैकी नऊजणींनी आपल्या मुलींना कुठल्या ना कुठल्या मैदानावर पाठवलं आहे. हायस्कूलमधल्या खेळशिक्षकाचं काम मोजायचं तर ते इथे मोजावं लागतं. चषकांच्या कपाटात त्यातलं फारसं काही सापडत नाही.

आता माझं म्हणणं. अशा बाई, असे सर गोव्यात आजही आहेत. दरवर्षी शिक्षकदिनाला त्यांच्यापैकी कुणाच्या तरी खांद्यावर शाल पडते, 'तळमळीने झटणारे' असे शब्द वापरले जातात, आणि आपण सगळे निश्चिंत होऊन घरी जातो. ही शाल मला आता खुपते. कारण आमच्या बाईंनी जे केलं त्यातलं बहुतेक काम त्यांचं नव्हतंच. मुलींना घरी पोचवणं हे वाहतुकीचं काम होतं. पॅडचा डबा हे शाळेच्या सोयीचं काम होतं. साडेतीन ते सहाचा वेळ हा कामाचा वेळ होता, आणि तो कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. आपण ही सगळी कामं एका बाईच्या चांगुलपणावर सोडली आणि तिचं कौतुक करून मोकळे झालो. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षापासून शाळेचा मुलींचा संघ बंद पडला. एका माणसाबरोबर जे काम संपतं त्याला आपण परंपरा कशी म्हणायची?

अमेरिकेचं उदाहरण इथे घ्यायला हवं. तिथे १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. मूळ कलम अवघ्या ३७ इंग्रजी शब्दांचं, आणि त्यात खेळ हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. अलीकडे हा आकडा ३४ लाखांच्या आसपास गेला. कायद्याआधीही तिथे आमच्या बाईंसारख्या शिक्षिका होत्या. जादा मानधन न घेता शिकवायच्या, स्वतःच्या गाडीतून मुलींना सामन्यांना न्यायच्या. कायद्याने त्या शिक्षिका निर्माण केल्या नाहीत. त्यांच्या कामाला मैदानाची वेळ, बस आणि मानधन मिळवून दिलं, एवढंच केलं, आणि तेवढ्याने पन्नास वर्षांत चित्र पालटलं. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कायद्याआधी तिथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या दहापैकी नऊ संघांना स्त्री प्रशिक्षक असायची. पद पगाराचं आणि मानाचं झाल्यावर पुरुष त्यात आले आणि आज हे प्रमाण निम्म्यावरही नाही. आपण ही व्यवस्था उभी करू तेव्हा ही चूक आधीच ओळखून ठेवलेली बरी.

गोव्याने खेळावर खर्च केला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा वर्षानुवर्षं पुढे ढकलत अखेर २६ ऑक्टोबर २०२३ ला फातोर्ड्याला सुरू झाल्या. गोव्याच्या खेळाडूंनी नव्वदहून अधिक पदकं मिळवली, आणि त्यांत मुली होत्या. त्याआधी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य सामनेही फातोर्ड्यालाच झाले. २०१२ साली आपण फुटबॉलला राज्यक्रीडा म्हणून जाहीर केलं. पेडे, कांपाल, बांबोळी, फोंडा, जागोजागी संकुलं आहेत, दिवे आहेत, ट्रॅक आहेत. मला त्या खर्चाबद्दल तक्रार नाही. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या मुलीला बांबोळीचा ट्रॅक शाळेच्या सहलीत दिसतो. तिच्या वाट्याचं मैदान म्हणजे शाळेमागचं तांबड्या मातीचं, पावसात चिखल होणारं मैदान, आणि तिच्या वाट्याचा प्रशिक्षक म्हणजे शाळेचे पीईचे सर किंवा टीचर. ती दोन्ही तिला मिळाली नाहीत तर बाकीचं सगळं तिच्यापुरतं नसल्यातच जमा.

यावर नेहमीचं उत्तर असं असतं की आता अकादम्या आहेत, क्लब आहेत, गुण असलेली मुलगी पुढे येतेच. येते, मान्य. योलांडा डिसोझा सत्तरच्या दशकात गोव्यातून भारताच्या फुटबॉल संघात पोचल्या, त्या काळी मुलींना फुटबॉल खेळताना बघायची सवय कुणाला होती? शिखा पांडे फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकता शिकता गोव्याकडून क्रिकेट खेळली आणि २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर उतरली. भक्ती कुलकर्णीला २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या मुलींबद्दल मला अपार आदर आहे. पण अकादमी तिच्याकडे चालत येणाऱ्या मुलीला निवडते. आधी कुणीतरी त्या मुलीला पळताना बघितलेलं असावं लागतं, आणि तिच्या बापाशी बोललेलं असावं लागतं. हरियाणातलं शाहाबाद हे लहानसं गाव. तिथे बलदेव सिंग नावाच्या एका प्रशिक्षकाने मुलींना हॉकी शिकवली, त्यातून राणी रामपाल घडली आणि तिच्या नेतृत्वाखाली टोकियोत आपल्या मुलींनी चौथा क्रमांक मिळवला. गावातल्या मैदानावर रोज कुणीतरी उभं होतं, म्हणून हे झालं. आणि शिवाय, ज्या मुली राणी होणार नाहीत त्यांचं काय? माझं सगळं म्हणणं खरं तर त्यांच्याबद्दल आहे. शाळा ही एकच जागा अशी आहे जिथे गावातली प्रत्येक मुलगी रोज येते.

बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या क्रीडागुणांनी काही फायदा झाला, हे कबूल करायला हवं. गुण मिळतात म्हटल्यावर पालक निदान ऐकून घेतात. पण त्यामुळे खेळाचा अर्थ प्रमाणपत्रापुरता आक्रसला. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस मैदानावर यायचं, प्रमाणपत्र घ्यायचं आणि दहावी झाली की बूट माळ्यावर. दहावीनंतर अकरावीत खेळणाऱ्या मुली किती, हा आकडा प्रत्येक शाळेच्या वार्षिक अहवालात छापला तर कोणत्या शाळेत खेळ रुजला ते लगेच दिसेल.

खेळशिक्षकांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांच्यावर रोष धरणं सोपं आहे. गेली दोन वर्षं मी पालकसभेवर आहे, म्हणून त्यांचा दिवस जवळून बघितला आहे. सकाळी प्रार्थनेच्या रांगा, उशिरा येणाऱ्यांच्या वह्या, कुणी शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचं संचलन, वार्षिक क्रीडामहोत्सव, मध्येच निवडणुकीची ड्यूटी. पीईचा तास गणिताच्या सरांनी मागितला तर देऊन टाकायचा, ही तर जुनीच रीत. आमचे सर साडेतीनला मैदानावर येतात ते पदरमोड करून, पेट्रोल स्वतःचं घालून. मुली आल्या नाहीत म्हणून ते चिडत नाहीत, वाईट वाटून घेतात. ते पुरुष असल्याने मुलींच्या घरी जाऊन "मी आणून सोडतो" असं म्हणू शकत नाहीत, आणि त्यांनी ते म्हणू नये हेच योग्य आहे.

हा मुद्दा मला टाळायचा नाही. पालकांच्या मनात भीती आहे आणि ती बिनबुडाची नाही. २०१९ साली गोव्यातल्याच एका जलतरण प्रशिक्षकाला अल्पवयीन मुलीच्या विनयभंगाच्या आरोपावरून अटक झाली. २०२३ मध्ये देशाच्या पदकविजेत्या कुस्तीपटू मुली जंतरमंतरवर बसल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर कुठल्या बापाने मुलीला बिनधास्त पाठवावं? 'काळ बदलला आहे, विश्वास ठेवा' एवढं सांगून भागत नाही. विश्वास ठेवण्याजोगी रचना लागते. मुलींच्या प्रत्येक सरावाला आणि प्रत्येक बाहेरगावच्या सामन्याला एक जबाबदार स्त्री हजर हवी. ज्या हायस्कूलमध्ये मुलींचे संघ आहेत तिथे शारीरिक शिक्षणाची एक तरी शिक्षिका हवी. पद मंजूर होईपर्यंत गावातल्याच माजी खेळाडू मुलींना मानधनावर नेमता येईल. अशा कितीतरी जणी घरी बसल्या आहेत, त्यांना शिट्टी हातात द्यायचा अवकाश. आमच्या वेळच्या दोघीजणी तर उद्यापासून यायला तयार आहेत, मी विचारलं आहे.

अंतराचा प्रश्न मात्र आमच्या काळात इतका बिकट नव्हता, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा शाळा गावात होती, मुली चालत यायच्या. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी खेडोपाडी शाळा नेल्या आणि आमच्या आयांची पिढी पाटी घेऊन बाहेर पडली, त्याचंच ते फळ. आज पालक मुलांना तालुक्याच्या ठिकाणच्या मोठ्या शाळेत घालतात. बालरथ आला तो चांगल्याच हेतूने, आणि त्याने मुलींची हजेरी टिकवली यात शंका नाही. मी स्वतः त्याचा फायदा घेते. फक्त हजेरीपुरता विचार झाला, खेळाच्या तासाचा झाला नाही. बस एकदाच सुटते आणि तिच्याबरोबर मुलींची संध्याकाळही सुटते.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार देतं. बालरथाच्या खर्चालाही सरकारच अनुदान देतं. म्हणून हे काम शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाने सुरू होऊ शकतं. खेळशिक्षकाचे दुपारचे दोन तास कामाचे तास म्हणून लिहा आणि तेवढे सकाळचे कमी करा. आठवड्यातून निदान तीन दिवस बालरथाची दुसरी फेरी साडेपाचला सोडा. सराव दीडलाच सुरू करायचा तर मुलींना शाळेतच चार घास जेवायला द्या, रिकाम्या पोटी पळवू नका. कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली द्या. यातलं एकही काम स्टेडियम बांधण्याइतकं अवघड नाही. कुणी म्हणेल, नऊ मुलींसाठी बस सोडायची का? त्या सतरा होत्या. बस नव्हती म्हणून त्यांतल्या पाचजणी गळाल्या.

गेल्या महिन्यात पालकसभेत मी दुसऱ्या फेरीचा विषय मांडला. डिझेलचा हिशोब कसा बसवायचा, चालकाला थांबवायचं कसं, अनुदानात हे बसतं का, असे प्रश्न आले. प्रश्न रास्त होते, कुणी उडवून लावलं नाही. पण माझ्यामागे बसलेल्या चार आयांनी, ज्यांच्या मुली गळाल्या होत्या, तोंडातून अक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, तू बोललीस ते बरं झालं. पुढची सभा पंधरा तारखेला आहे. मी त्या चौघींच्या घरी जाऊन आले. चहा झाला, भाताची चौकशी झाली, आणि कप खाली ठेवताना सांगितलं की पंधराला तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहणार. तुमचा आवाज मला तिथे ऐकू आला पाहिजे.